लेपाआडचे रसायन : औषधी गोळ्या, पशुखाद्यपूरके आणि जालना जिल्हा

प्रस्तावना

मृग नक्षत्राच्या आगेमागे जालन्याच्या बाजारात कापसाच्या बियाण्याची पिशवी फोडली की आत निघणारी सरकी काळी नसते, ती गुलाबी, निळी किंवा हिरवी असते. टोबणी करणाऱ्या बाईच्या बोटांना तो रंग संध्याकाळपर्यंत चिकटून राहतो. शेतकरी या क्रियेला 'बीजप्रक्रिया' म्हणतात. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला त्या रंगाखाली एक बहुवारिकाची, म्हणजेच पॉलिमरची, पातळ त्वचा दिसते. याच कुळातील त्वचा आम्लपित्ताच्या गोळीवर असते आणि दुभत्या गाईच्या खुराकात मिसळल्या जाणाऱ्या काही दाणेदार पूरकांवरही असते. बियाणे, औषध आणि पशुखाद्य हे तीन विषय आपल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि प्राणिशास्त्र अशा वेगवेगळ्या विभागांत शिकविले जातात. लेपाच्या दृष्टीने पाहिल्यास ते एकाच प्रश्नाचे तीन अवतार आहेत. आतला पदार्थ कोठवर झाकून ठेवायचा आणि कोठे मोकळा करायचा, हा तो प्रश्न होय.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीच, १९६४ साली, बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' या बियाणे कंपनीची स्थापना केली होती. या कार्यासाठी त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळे लेपित दाणा हा पदार्थ या जिल्ह्याला नवा नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीचे कारखाने आहेत. जिल्ह्यात दुधाचा जोडधंदा करणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखात औषध व पशुखाद्य यांवरील लेपांचे कार्य विशद करण्याचा प्रयत्न केला असून त्यातील काही धोक्यांकडे लक्ष वेधले आहे.

लेप म्हणजे काय

कडू गोळी गुळात गुंडाळून देण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती, वैद्यांच्या गुटिकांना चांदीचा वर्खही चढत असे. कारखानदारीच्या काळात प्रथम साखरेचा लेप आला. तो चढविण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागत आणि गोळीचे वजन दीडपट ते दुप्पट होई. १९५० च्या दशकात बहुवारिकाचा पातळ लेप व्यवहारात आला आणि वजनातील वाढ २ ते ४ टक्क्यांवर आली. त्याच दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेल वुर्स्टर यांनी गरम हवेच्या झोतात कण तरंगत ठेवून त्यांवर लेप फवारण्याची पद्धत विकसित केली. आज बारीक कणांवर लेप देणारी बहुतेक यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. पशुखाद्यातील दाणेदार पूरकांच्या दृष्टीने ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरली, कारण ते पूरक गोळीच्या रूपात न देता कणांच्या रूपात द्यावे लागते.

लेपद्रावणातील थेंब पृष्ठभागावर पडतो, पसरतो, त्यातील पाणी उडून जाते आणि बहुवारिकाच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून सलग पापुद्रा तयार होतो. नुसते बहुवारिक बहुधा ठिसूळ असते. म्हणून त्यात साखळ्यांना सैलावणारे मृदुकारी द्रव्य मिसळावे लागते, उदाहरणार्थ ट्रायएथिल सायट्रेट किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल. हे प्रमाण कमी पडले तर लेपाला तडे जातात, आणि जास्त झाले तर गोळ्या एकमेकींना चिकटतात. फवारा जास्त, हवा कमी, तर गोळी ओली राहते. हवा जास्त गरम असेल तर थेंब वाटेतच वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. कारखान्यातील अनुभवी कामगार यंत्राच्या काचेतून पाहूनच हे ओळखतो. पाठ्यपुस्तकांत या कौशल्याला फारशी जागा मिळत नाही.

वापराच्या हेतूनुसार बहुवारिके बदलतात. केवळ चव झाकणे, धूळ उडू न देणे किंवा दमट हवेपासून बचाव करणे एवढाच हेतू असेल तर हायड्रॉक्सिप्रोपिल मेथिलसेल्युलोज पुरते, कारण ते कोणत्याही सामूच्या पाण्यात विरघळते. औषध हळूहळू झिरपत ठेवायचे असेल तर न विरघळणारे एथिलसेल्युलोज उपयोगी पडते. बियाण्यावरील लेपाचे काम त्याहून निराळे आहे. त्याने कीटकनाशक व बुरशीनाशक दाण्याला घट्ट धरून ठेवावे, पण जमिनीतील ओल दाण्यापर्यंत पोहोचण्यास आडकाठी करू नये. अन्यथा उगवण मार खाते.

जठरातून पार होणारी गोळी

औषधशास्त्रातील सर्वांत चतुर लेप म्हणजे जठरात टिकून आतड्यात विरघळणारा लेप. १८८४ साली पॉल उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने केराटिनचा लेप दिलेल्या गोळ्या तयार केल्या, त्या याच हेतूने. पुढे लाखेचा वापर झाला. लाख हे भारतीय जंगलाचे उत्पादन, आणि आज मोसंबीसारख्या फळांवर चकाकी आणण्यासाठीही लाखेच्या लेपाला अन्नविषयक नियमांत मुभा आहे. मात्र साठवणुकीत लाखेच्या रेणूंचे आपापसात जोड होत जातात आणि जुन्या लेपाची गोळी न विरघळताच शरीराबाहेर पडू शकते. म्हणून सेल्युलोज ॲसिटेट थॅलेट आणि नंतर मेथाक्रिलिक आम्लाची सहबहुवारिके पुढे आली.

यांचे मर्म साधे आहे. त्यांच्या साखळीवर ठिकठिकाणी कार्बोक्सिलिक आम्लगट असतात. उपाशीपोटी माणसाच्या जठराचा सामू साधारण १ ते ३ असतो. तेथे हे गट प्रोटॉन धरून ठेवतात, त्यांवर विद्युतभार नसतो आणि पापुद्रा पाण्याला दाद देत नाही. लहान आतड्यात सामू ५.५ च्या वर गेला की प्रोटॉन सुटतात आणि सर्व गट ऋणभारित होतात. एकसारख्या भाराच्या साखळ्या परस्परांना दूर लोटतात, मध्ये पाणी शिरते आणि लेप विरघळतो. साखळीतील आम्लगटांचे प्रमाण बदलून सामू ५.५, ६ किंवा ७ यांपैकी हव्या त्या ठिकाणी उघडणारा लेप तयार करता येतो. औषधसंहितेतील कसोटीही याच क्रमाने चालते. प्रथम दोन तास ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात गोळी फुटता कामा नये, त्यानंतर ६.८ सामूच्या फॉस्फेट द्रावणात ती ठरावीक वेळेत फुटली पाहिजे.

पँटोप्राझोल व ओमेप्राझोल ही आम्लपित्तावरील औषधे स्वतःच आम्लात टिकत नाहीत, तीव्र आम्लात काही मिनिटांत त्यांचा ऱ्हास होतो. येथे लेप हा औषधाचाच एक अवयव असतो. तरीही वृद्ध रुग्णाला गिळता येत नाही म्हणून अशी गोळी खलात कुटून मधातून देणारे, किंवा 'अर्धीच पुरे' म्हणून मोडणारे नातेवाईक गावोगावी आढळतात. रुग्णाचे दुखणे कमी होत नाही, मग औषधाची मात्रा वाढवली जाते आणि मूळ कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही. पदवी वर्गातील प्रात्यक्षिकात हे सहज दाखवता येते. एका चंचुपात्रात अख्खी गोळी व दुसऱ्यात कुटलेली गोळी घ्यावी आणि दोहोंत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. कुटलेल्या गोळीचा रंग लवकरच पालटू लागतो, अख्खी गोळी मात्र तशीच राहते. नंतर तीच अख्खी गोळी खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकावी, म्हणजे लेप सुटताना डोळ्यांना दिसतो.

डायक्लोफिनॅकच्या गोळीवरही असा लेप असतो. जठराच्या अस्तराला त्या औषधाचा थेट संपर्क घडू नये हा त्यामागील हेतू. विषयांतराचा दोष पत्करून येथे एक नोंद करावीशी वाटते. हेच औषध गुरांना दिले गेले तेव्हा मृत जनावराच्या मांसातून ते गिधाडांपर्यंत पोहोचले आणि गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होऊन त्यांची संख्या कोसळली. परिणामी २००६ साली भारतात पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर बंदी आली. औषध शरीरात कोठे सुटावे एवढेच लेप ठरवतो, शरीराबाहेरचा त्याचा प्रवास त्याच्या हाती नसतो.

गाईच्या पोटात गणित उलटते

माणसासाठी सिद्ध झालेला हा लेप जसाच्या तसा गाईला दिला तर काय होईल? तो सपशेल फसेल, आणि त्याचे कारण रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या शरीररचनेत आहे. गाय-म्हशीच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तेथे असंख्य सूक्ष्मजीव कडब्याचे पचन करतात आणि सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान असतो. चौथा कप्पा हे खरे जठर असून तेथील सामू २ ते ३ पर्यंत उतरतो. माणसात आधी आम्ल आणि मग उदासीन माध्यम येते, गाईत आधी जवळजवळ उदासीन आणि मग आम्ल. आम्लगट असलेला मानवी लेप कोठीपोटातच विरघळून मोकळा होईल, म्हणजे ज्या ठिकाणी झाकून ठेवायचे नेमके तेथेच तो उघडा पडेल.

झाकून ठेवण्याची गरज का भासते तेही पाहू. मेथिओनिन व लायसिन ही अमिनो आम्ले जास्त दूध देणाऱ्या गाईला बहुधा कमी पडतात. ती सुटी खाऊ घातली तर कोठीपोटातील सूक्ष्मजीव त्यांतील बहुतांश भाग फस्त करतात आणि गाईच्या आतड्यापर्यंत फारच थोडे पोहोचते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी लेपाचे तत्त्वच उलटे केले. आम्लगटांऐवजी साखळीवर आम्लारिधर्मी नायट्रोजनयुक्त गट बसवले. उदासीन माध्यमात हे गट निर्भार असतात आणि लेप टिकतो. आम्लात ते प्रोटॉन उचलतात, धनभारित होतात, एकमेकांना लोटतात आणि लेप उघडतो. रोन-पुलँक या फ्रेंच कंपनीच्या संशोधनातून पुढे आलेल्या मेथिओनिनच्या कणांवर व्हिनिलपिरिडिन व स्टायरिन यांच्या सहबहुवारिकाचा असा लेप असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पशुखाद्यविषयक नियमांतही हे बहुवारिक पोषकद्रव्याचे रक्षक म्हणून नोंदलेले आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब अशी की पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पिरिडिन गट असलेल्या अशाच उलट्या लेपांवर काम झाले व त्यावरील शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाले. तेथील हेतू मात्र मानवी औषधांची कडू चव झाकण्याचा होता. लाळेचा सामू साधारण ६ ते ७, म्हणजे कोठीपोटासारखाच. तोंडात लेप मिटलेला राहतो, जिभेला चव कळत नाही आणि जठरात औषध मोकळे होते. लहान मुलाची जीभ आणि गाईचे कोठीपोट यांना एकाच रसायनाने चकवता येते, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात आणि मग सहसा विसरत नाहीत.

गाईच्या बाबतीत सामू साधला तरी काम संपत नाही. गाय रवंथ करते, त्यामुळे मोठी गोळी दाढांखाली फुटते. म्हणून कण साधारण २ मिलिमीटरचा ठेवतात. तो पाण्याहून किंचित जड असावा लागतो. हलका असेल तर तरंगून कोठीपोटातच अडकतो, फार जड असेल तर तळाशी बसतो. त्याखेरीज गोळीपेंड तयार करणाऱ्या यंत्रातील उष्णता व दाब यांमुळे लेपाला चिरा जातात. म्हणूनच असे पूरक पेंड तयार झाल्यानंतर वरून मिसळावे असे सांगितले जाते. भरड धान्य व पूरक एकत्र करून पुन्हा चक्कीतून काढणारा पशुपालक लेपासाठी मोजलेले सर्व पैसे त्या चक्कीत घालवतो. आणखी एक अडचण आपल्या भागात विशेष संभवते. जनावराने मका किंवा ज्वारीचे दाणे अति खाल्ले तर कोठीपोटाचा सामू ५.५ च्या खाली घसरतो. आम्लात उघडणारा लेप अशा आजारी कोठीपोटात वेळेआधीच उघडू लागेल.

लेपाशिवायही हे तत्त्व साधता येते. मेदाम्लांचे कॅल्शियम क्षार हे मुळात एक प्रकारचे साबण. ते कोठीपोटात विरघळत नाहीत आणि चौथ्या कप्प्यातील आम्लात फुटून मेद मोकळा करतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुढे आणलेल्या संरक्षित प्रथिनांत पेंडीवर फॉर्मल्डिहाइडची मोजकी प्रक्रिया करतात. तेथे तयार होणारे रासायनिक बंध आम्लात सैल होतात. ही तंत्रे बहुवारिकाच्या लेपापेक्षा स्वस्त पडतात आणि सरकी पेंडीवर ज्यांचे दूध चालते त्या भागाला अधिक मानवणारी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कोणत्या गाईला, आणि युरियाचे काय

लेपित अमिनो आम्लांची भलावण ऐकताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : गाय दूध किती देते? दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गावरान गाईची प्रथिनांची गरज कोठीपोटातील सूक्ष्मजीवांपासून तयार होणाऱ्या प्रथिनातूनच बरीचशी भागते. तिला कमतरता असते ती कोरड्या महिन्यांत हिरव्या चाऱ्याची, क्षारमिश्रणाची आणि पाण्याची. अशा गाईच्या खुराकात लेपित मेथिओनिन घालणे म्हणजे उपाशी माणसाला बदाम चारण्यासारखे आहे. अधिक दूध देणाऱ्या संकरित गाईंच्या गोठ्यात, समतोल आहार आधीच साधलेला असेल तर, या पूरकाला अर्थ आहे. विक्रेत्याच्या पत्रकात हा भेद क्वचितच केलेला असतो.

युरियाची गोष्ट अधिक गंभीर आहे. कोठीपोटातील सूक्ष्मजीव युरियापासून अमोनिया व अमोनियापासून प्रथिन बनवतात, त्यामुळे युरिया हा स्वस्त नत्राचा स्रोत ठरतो. मात्र सुटा युरिया फार लवकर फुटतो. मात्रा थोडी जास्त झाली किंवा ढेकूळ तसेच पोटात गेले तर अमोनिया रक्तात चढतो आणि जनावर काही तासांत दगावू शकते. पशुवैद्यक येईपर्यंत व्हिनेगर व थंड पाणी पाजण्याचा सल्ला देतात, त्याचे कारण आम्लामुळे अमोनियाचे शोषण मंदावते. बहुवारिकाचा किंवा मेदाचा लेप दिलेला युरिया तासन्‌तास झिरपत राहतो, सूक्ष्मजीवांना तो वापरण्यास अवधी मिळतो. येथे लेपाचे काम पोषणाचेही आहे आणि प्राणरक्षणाचेही.

याच ठिकाणी एक गैरसमज घातक ठरू शकतो. २०१५ पासून देशात शेतीसाठीचा अनुदानित युरिया निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो. 'लेप दिलेला युरिया' हे शब्द ऐकून कोणी खताच्या पोत्यातला युरिया खुराकात मिसळू लागला तर तो सर्वथा चुकेल. निंबोळीचा लेप जमिनीतील जिवाणूंची नायट्रीकरणाची क्रिया मंदावण्यासाठी आहे, कोठीपोटात युरियाचे विघटन रोखण्यासाठी नव्हे.

त्याहून मोठा धोका लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या रंगीत दाण्यांचा. पेरणी हुकली किंवा पाऊस लांबला की घरात प्रक्रिया केलेले बियाणे उरते. त्यावर इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक किंवा बुरशीनाशक असू शकते, आणि म्हणूनच ते खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी वा तेलासाठी वापरू नये अशी सूचना पिशवीवर असते. पण ही सूचना बारीक अक्षरात असते आणि मक्याचे दाणे तर चांगले टपोरे दिसतात. धुतल्याने रंग फिका पडतो, म्हणजे विष निघून गेले असे नव्हे. बियाण्याचा लेप धरून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. कोंबड्यांपुढे किंवा गव्हाणीत असे दाणे टाकणाऱ्याला हा रंग म्हणजे धोक्याचा इशारा आहे हे कोणीतरी सांगायला हवे.

निष्क्रिय म्हणविणारे घटक

लेपातील घटकांना निष्क्रिय म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द जपून वापरावा लागतो. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. तेथे ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेले होते, तथापि ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हे लेपातही मृदुकारी द्रव्य म्हणून वापरले जातात, आणि भेसळीचा मार्ग तोच आहे. थॅलेट वर्गातील मृदुकारी द्रव्यांविषयीही शंका बळावल्या असून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली त्यांपैकी दोन द्रव्ये टाळण्याची शिफारस केली. पांढऱ्या रंगासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ साली अन्नपदार्थांतून वगळले, औषधांत मात्र तूर्त राहू दिले. पशुखाद्याच्या बाबतीत तपासणीची ही जागरूकता त्याहून विरळ आहे.

अलीकडे लेपांच्या अवशेषांचा प्रश्नही पुढे आला आहे. पिरिडिनयुक्त किंवा ॲक्रिलिक बहुवारिके पचत नाहीत, ती शेणावाटे बाहेर पडतात आणि शेण शेवटी शेतातच जाते. बियाण्यावरील लेप तर थेट मातीतच पेरला जातो. युरोपीय संघाने २०२३ साली हेतुतः मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले, त्यात खत आणि बियाणे यांवरील लेपांसाठी पुढील मुदती घालून दिल्या आहेत. स्टार्च, झीन हे मक्याचे प्रथिन, कायटोसान, लाख अशा विघटनक्षम पर्यायांवर त्यामुळे नव्याने लक्ष जाते आहे. कायटोसानकडे तर विशेष पाहण्याजोगे आहे. त्यावरील अमिनो गट आम्लात धनभारित होतात, म्हणजे गाईला हवा असलेला उलटा स्वभाव त्याला निसर्गतःच आहे. केवळ पाण्यातील त्याची सूज आवरावी लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत काय करता येईल

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे, खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. परंतु बाजारातील लेपित पूरक खरोखर लेपित आहे की नाही हे पाहण्यास मोठ्या उपकरणांची आवश्यकता नाही. नमुन्याचे १० ग्रॅम कण मोजून घ्यावेत, ६.५ सामूच्या एक लिटर फॉस्फेट द्रावणात ३९ अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे जवळपास गाईच्या शरीराच्या उष्णतेला, हलक्या ढवळणीत ठेवावेत. दर काही तासांनी वेगळा नमुना गाळून, वाळवून वजन करावे. जेवढे वजन घटले तेवढा पदार्थ कोठीपोटातच गळला असे समजावे. उरलेले कण २ सामूच्या विरल आम्लात टाकून तीच मोजणी पुन्हा करावी. मेथिओनिनच्या चांगल्या नमुन्यात पहिली घट अल्प आणि दुसरी झपाट्याची असली पाहिजे. लेपित युरियाची परीक्षा वेगळी. त्याची पहिल्याच द्रावणातील घट संथ व सलग हवी, आणि पहिल्या तासातच बहुतांश युरिया निघून गेला तर तो लेप केवळ पिशवीवर छापलेला आहे असे म्हणावे लागेल. एक तराजू, एक सामूमापक, एक उष्णजलपात्र आणि गाळणकागद एवढ्या साहित्यावर पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थी एका सत्रात तालुक्यातील दुकानांत मिळणारे नमुने तपासू शकतात. आकडे हाती आले की ते नमुना विकणाऱ्या दुकानदारालाही दाखवावेत, कारण गोठ्यातला पशुपालक सल्ल्यासाठी बहुधा त्याच्याकडेच जातो.